निखळलेला अनुस्वार

आमच्या कारखान्यास कारखाना म्हणणे ही थोडी अतिशयोक्तीच होय. वसई पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत, गल्लीच्या अगदी शेवटी, पत्र्याचे एक छप्पर. त्याखाली वेल्डिंगचे यंत्र, दोन ग्राइंडर, एक कॉम्प्रेसर आणि मधोमध चार बाय आठ फुटांचे प्लाझ्मा कटिंगचे टेबल, एवढाच काय तो पसारा. कोपऱ्यात काचेची तावदाने लावलेली एक लहानशी खोली आहे. तीत संगणक असतो आणि संगणकापुढे बहुधा आम्ही. बाहेर पत्रा कापला जात असताना जो कर्कश आवाज उठतो, त्याची आमच्या कानांना आता इतकी सवय झाली आहे की तो थांबला म्हणजेच आम्ही मान वर करून पाहतो.

२०१८ सालच्या नोव्हेंबरातील एका दुपारी असाच तो आवाज थांबला म्हणून आम्ही मान वर केली, तो दारात आमची मावशी उभी. तिच्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले काहीतरी होते. खुर्चीवर बसून घोटभर पाणी प्याल्यावर तिने ते सोडले. आत सागाची दोन फूट लांबीची एक फळी होती आणि तिच्यावर एकच शब्द कोरलेला होता : ‘संतोष’.

ही फळी आम्हांला लहानपणापासून ठाऊक. मावशीच्या कौलारू घराच्या पडवीत, दरवाजाच्या कपाळावर ती असे. काकांनी १९७१ साली घर बांधले, तेव्हा ती त्यांनी स्वतः कोरली होती. काका सुतार नव्हते. ते मुंबईस एका कापडगिरणीत नोकरीला होते आणि पहाटेच्या गाडीने जाऊन रात्री परतत. उसनी आणलेली एकच सपाट छिन्नी आणि एक लाकडी हातोडा घेऊन ते रविवारी दुपारी पडवीत बसत. त्या तीन अक्षरांना त्यांना कितीतरी रविवार लागले, असे मावशी नेहमी सांगे. काका जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. मुलांनी जुने घर उतरवून त्या जागी दुमजली घर बांधायला घेतले होते आणि फळी काढली तेव्हा तिची पाठ वाळवीने पोखरलेली आढळली.

“लाकूड काही आता टिकायचं नाही,” मावशी म्हणाली. “हेच लोखंडात करून दे. अक्षरं मात्र हीच हवीत. नाताळच्या आत लावायचं आहे.”

“एवढंच ना?” आम्ही म्हणालो. “आठ दिवसांत देतो.”

ते ‘एवढंच ना’ आम्हांला पुढे पाच आठवडे पुरले.

ते का पुरले, हे सांगावयाचे तर आमच्या धंद्याविषयी थोडे बोलणे भाग आहे. आमचे वडील हातांनी पत्रा आखणारे कारागीर. फनेल, धुराडी, हवेच्या नळांची कोपरे असल्या आडव्यातिडव्या वस्तू आधी सपाट पत्र्यावर उलगडून आखावयाच्या आणि मग कापून वळवावयाच्या, हे त्यांचे काम. खडू, पोलादी पट्टी, गुण्या, कंपास, स्क्राइबर आणि पंच ही त्यांची आयुधे. जाड पत्रा कापावयास त्यांच्या काळी गॅस कटर असे. गॅस कटरमध्ये लोखंड नुसते वितळत नाही, ते जळते. लालबुंद तापलेल्या लोखंडावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की लोखंड स्वतःच इंधन होते. म्हणूनच स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियम त्याने धड कापले जात नाही, आणि पातळ पत्र्यावर तो चालवावा तर पत्रा भाजलेल्या पापडासारखा वेडावाकडा होतो.

प्लाझ्माची गोष्ट निराळी. ‘प्लाझ्मा’ हा शब्द विद्युत्‌भारित वायूसाठी आयर्विंग लँगम्यूर या शास्त्रज्ञाने १९२८ साली रूढ केला. नोझलच्या निरुंद छिद्रातून वायू आणि विजेची आर्क एकत्र दाबून बाहेर काढली तर तिने धातू कापता येतो, या युक्तीचे पेटंट अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांस १९५७ साली मिळाले. त्या झोताचे तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. ज्यातून वीज वाहते असा कोणताही धातू त्याच्यापुढे लोण्यासारखा वितळतो आणि झोताच्याच जोराने खाली उडून जातो. आमच्यासारख्या लहान कारखान्यात वायू म्हणून साधी दाबलेली हवाच वापरतात. तीही कोरडी लागते. वसईच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत इतके पाणी साठते की ते दिवसातून दोनदा सोडले नाही, तर नोझल आणि इलेक्ट्रोड बघता बघता निकामी होतात. अलीकडे आमच्या आसपास फायबर लेझरची यंत्रे आली आहेत आणि पातळ पत्र्यात त्यांचा काप प्लाझ्माहून कितीतरी नाजूक असतो, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. त्यांची किंमतही तशीच असते.

२०१२ साली आम्ही कर्ज काढून हे टेबल घेतले. संगणकावर जे रेखाटावे ते टॉर्च आपोआप कापीत जातो, हे पाहून सुरुवातीचे काही महिने आम्ही स्वतःवरच खूष होतो. कॅड आम्ही १९९७ साली एका क्लासात शिकलो होतो. त्या क्लासातील मास्तरांनी काळ्या पडद्यावर पांढरी रेषा काढून दाखविली, तेव्हा आम्हांला शाळेतील भूमिती आठवली : रेषेला लांबी असते, रुंदी नसते. पडद्यावर हे खरे आहे. पत्र्यावर ते खरे नाही, हे शिकण्यास आम्हांला बराच भंगार विकावा लागला.

आमच्या टॉर्चचा काप सुमारे दीड मिलिमीटर रुंद पडतो. म्हणजे रेषेवरूनच टॉर्च नेला तर बाहेरचा आकार प्रत्येक बाजूने पाऊण मिलिमीटर लहान होतो आणि आतले भोक तितकेच मोठे. यासाठी टॉर्चचा मार्ग रेषेच्या अंगाअंगाने, टाकाऊ बाजूस सरकवून घ्यावा लागतो. टाकाऊ बाजू कोणती, हे यंत्राला कळत नाही. ते आपण सांगावयाचे. पत्र्याला पहिले भोक पाडताना वितळलेले लोखंड वर उसळते आणि तेथे कापापेक्षा मोठा खड्डा पडतो. म्हणून सुरुवात रेषेवर न करता थोडी दूर, भंगारात करून मग रेषेस येऊन मिळावयाचे. नोझलमधून निघणारा झोत भोवऱ्यासारखा फिरत येतो, त्यामुळे टॉर्चच्या चालीच्या उजव्या हाताची कड सरळ उतरते आणि डाव्या हाताची तिरकी. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि आतली भोके उलट्या दिशेने कापावयाची. आधी आतले, मग बाहेरचे. कारण बाहेरचे आधी कापले तर तुकडा हलतो आणि आतले सगळेच चुकते. बोल्टची लहान भोके आम्ही प्लाझ्माने पाडीतच नाही. नुसती टिकली मारून खूण करतो आणि ड्रिल घेतो.

वळवावयाच्या कामात तर आमची पुरती फजिती झाली. दोन मिलिमीटर पत्र्याच्या चाळीस झाकणांची एक ऑर्डर होती. प्रत्येकाला दोन वळणे. आम्ही बाहेरून मोजलेल्या बाजूंची सरळ बेरीज करून सपाट आकार काढला आणि चाळीसही झाकणे कापून वळवून आणली, तेव्हा ती सात मिलिमीटर मोठी भरली. एकही पेटीवर बसेना. वळणावर पत्र्याचा बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो आणि मधे, किंचित आतल्या अंगाला, एक थर असा राहतो की ज्याची लांबी बदलत नाही. हिशेब त्या थराचा करावयाचा असतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. वाचलेले वेळेवर आठवत नाही. त्या रात्री वडिलांनी काही न बोलता आपली जुनी वही आमच्यापुढे ठेवली. तीत पेन्सिलीने लिहिले होते : ‘दर वळणास जाडीच्या पावणेदोनपट वजा.’ दोन मिलिमीटरला साडेतीन, दोन वळणांना सात. पुढे आम्ही तोच हिशेब सूत्राने करून पाहिला. आतल्या वळणाची त्रिज्या पत्र्याच्या जाडीइतकी धरली तर उत्तर साडेतीनच्या आसपासच येते. वडील सातवी शिकलेले होते.

असो. मावशीच्या फळीकडे वळू.

आम्ही फळीचा मोबाइलवर फोटो काढला. गिऱ्हाइके हल्ली असेच करतात. फोटो पाठवितात आणि ‘असंच कापून द्या’ म्हणतात, जणू यंत्र हे फोटो पाहून कापणारे माणूसच आहे. एरवी आम्ही त्यांच्यावर चिडतो. त्या दिवशी आम्हीही तेच केले. संगणकाच्या एका प्रोग्रॅमला तो फोटो दिला आणि बटण दाबले; त्याने अक्षरांच्या कडांवरून रेषा काढून दिल्या. मोजून पाहिले तर तीन अक्षरांत साडेचार हजार बिंदू! लाकडाची प्रत्येक ठसर, प्रत्येक भेग त्याने इमानाने टिपली होती. अशी फाइल यंत्राला दिली तर प्रत्येक बिंदूपाशी त्याची चाल अडखळते. चाल मंदावली की काप रुंदावतो आणि आर्कचे व्होल्टेज वाढते. त्यावरून टॉर्चची उंची राखणारी यंत्रणा असा समज करून घेते की टॉर्च फार वर गेला आहे, म्हणून ती त्याला खाली ढकलते. मग कड करपते आणि खाली कीट लोंबतो. तेव्हा आम्ही ‘गुळगुळीत करा’ या बटणावर बोट ठेवले. साडेचार हजारांचे तीनशे झाले. अक्षरे डौलदार, गोलाईदार दिसू लागली. आम्हांला ती काकांच्या अक्षरांपेक्षाही सुरेख वाटली, हे येथे लपविण्यात अर्थ नाही.

पहिल्या खेपेस आम्ही तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून अक्षरे आरपार कोरून काढण्याचे योजिले, म्हणजे मागे दिवा ठेवला की नाव उजळेल. ही चूक इतकी बाळबोध होती की सांगावयासही संकोच वाटतो. ‘ष’च्या पोटात, त्या तिरप्या रेघेच्या दोन बाजूंस, दोन बंदिस्त जागा असतात, ‘स’च्या आडव्या दांडीवर एक असते. भोवतालचे कापल्यावर त्या तिन्ही तुकड्यांना धरून ठेवणारे काही उरत नाही. ते पाण्याच्या ट्रेमध्ये पडले. पैकी एक पडता पडता पट्टीवर तिरका उभा राहिला आणि टॉर्च येऊन त्याच्यावर आदळला. शिवाय शिरोरेखा म्हणजे जवळजवळ तीन फुटांची एक सलग चीर झाली, तिच्या उष्णतेने वरची पट्टी धनुष्यासारखी वाकली. एक पत्रा आणि एक नोझल गेले.

दुसऱ्या खेपेस आम्ही उलट केले. भोवतालचा पत्रा काढून टाकावयाचा आणि अक्षरे उरवावयाची. येथे आपल्या लिपीचा एक गुण ध्यानात आला. इंग्रजी नाव असे कापले तर एकेक अक्षर सुटे होऊन पडते; त्यांना मागून पट्टी लावून जोडावे लागते, आणि तिचे पैसे आम्ही वेगळे घेतो. देवनागरीत शिरोरेखा हीच पट्टी. सारा शब्द वळचणीला टांगलेल्या कपड्यांसारखा तिला लोंबतो. ‘संतोष’ टेबलावरून एका हाताने उचलला, तरी एक अक्षर सुटले नाही. ग्राइंडरने कडा घासल्या, रेड ऑक्साइडचा हात दिला आणि वाळल्यावर वडिलांना दाखविण्यासाठी तो घरी नेला.

वडिलांची दृष्टी तोवर फार मंद झाली होती. खिडकीपाशी बसून त्यांनी तो मांडीवर घेतला आणि बोटांनी चाचपू लागले. शिरोरेखेवरून बोट डावीकडून उजवीकडे गेले, पुन्हा डावीकडे आले आणि थांबले.

“हा सतोष कोण?” त्यांनी विचारले.

आम्ही पाहिले. अनुस्वार नव्हता! शिरोरेखा सगळ्यांना धरून ठेवते, पण तिच्या वर जो अधांतरी ठिपका असतो त्याला नाही. यंत्राने तो चोख कापला होता आणि तो पट्ट्यांमधून खाली पाण्यात गेला होता. आम्ही नाव रंगविले, वाळविले, घरी आणले, इतका वेळ पाहिले, तरी आमच्या ते ध्यानात आले नव्हते. आपल्याला ठाऊक असलेला शब्द आपण वाचीत नाही, नुसता ओळखतो, याची आम्हांला मोठी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये हात घालून शोधले. काळ्या गाळात काही सापडेना. शेवटी भंगारातून तेवढाच एक गोल तुकडा कापला, डाग देऊन बसविला आणि नाव मावशीकडे घेऊन गेलो. डिसेंबरचा पहिला आठवडा चालू होता. नव्या भिंतीला गिलावा झाला होता. अजून ओलसर वास येत होता. मावशीने नाव हातात घेतले, उजेडाकडे धरले, बराच वेळ पाहिले.

“छान झालंय रे,” ती म्हणाली. मग थोडे थांबून, “पण ही ह्यांची अक्षरं नव्हेत, बाळा.”

आम्ही म्हणालो, फोटोवरूनच तर केली आहेत. ती काही बोलली नाही. आत गेली आणि फळी घेऊन आली. दोन्ही खाटेवर शेजारी शेजारी ठेवली.

काकांचा अनुस्वार गोल नव्हता. सपाट छिन्नीने गोल कोरता येत नाही, निदान नवख्याला येत नाही. त्यांनी चार सरळ घाव घालून शंकरपाळ्यासारखा चौकोनी केला होता. ‘ष’ची तिरपी रेघ उजव्या दांड्यापर्यंत पोचलेलीच नव्हती, अर्धा बोटभर अलीकडेच थांबली होती. तेथे लाकडात गाठ होती आणि काकांनी ती टाळली होती, हे आम्हांला आता दिसले. ‘त’चे शेपूट प्रमाणाबाहेर लांब होते, मावशी म्हणाली, त्यांच्या सहीतही ते तसेच असे. हे सारे संगणकाने नीट केले होते. रेघ दांड्याला नेऊन भिडविली होती, शेपूट आखडले होते, अनुस्वार गोल केला होता. यंत्राला आम्ही ‘गुळगुळीत करा’ म्हटले होते आणि ते त्याने केले होते. दोष द्यावयाचा तर तो बटणावर बोट ठेवणाऱ्यालाच द्यावा लागेल.

“राहू दे,” मावशी म्हणाली. “हेही चालेल. तुझा उगाच खर्च नको.”

हे ‘चालेल’ घेऊन आम्ही घरी आलो. जेवण गेले नाही. वडिलांनी कारण विचारले, तेव्हा सगळे सांगितले. त्यांनी फळी मागितली. ती आम्ही बरोबर आणली होती. मग त्यांनी कपाटातून ट्रेसिंग पेपरची सुरळी आणि मऊ पेन्सिल काढावयास लावली. कागद फळीवर ताणून आम्हांला कोपरे धरावयास सांगितले आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासावयास आरंभ केला. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून घासतो, तसे. हळूहळू करड्या कागदावर अक्षरांच्या कडा उठू लागल्या. डोळ्यांना दिसत नसले, तरी कड कोठे आहे ते त्यांच्या बोटांना कळत होते. पेन्सिलीमागून डाव्या हाताचे बोट फिरत होते. अधूनमधून ते म्हणत, “हा घाव आहे. ही भेग आहे. भेग घेऊ नको.”

आम्ही फोटोत जे पाहिले नव्हते ते हेच. छिन्नीचा घाव आणि लाकडाची भेग यांतील फरक प्रोग्रॅमला कळला नाही, हे तर खरेच. पण आम्ही स्वतःही तो पाहावयास बसलो नव्हतो. त्या रात्री वडील सांगत गेले आणि आम्ही लाल पेन्सिलीने एकेक घाव नक्की करीत गेलो. येथून येथे सरळ. येथे छिन्नी वळली. येथे ती घसरली आहे, पण घसरली तीही राहू दे.

“घसरलेली कशाला?” आम्ही विचारले.

“ती त्याचीच आहे ना?” वडील म्हणाले.

मग तो कागद स्कॅन करून संगणकावर घेतला आणि बटण न दाबता, एकेक रेषा आणि एकेक कंस स्वतः काढला. दोन संध्याकाळी गेल्या. सारा शब्द मिळून एकशे बारा रेषा आणि कंस भरले. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तेव्हा शब्द पंचवीस पट मोठा झाला, कारण फाइलने नुसते आकडे नेले होते, ते मिलिमीटरचे आहेत हे तिने सांगितले नव्हते आणि त्या प्रोग्रॅमने ते इंच धरले. हा घोळ नेहमीचा आहे. त्यावर आम्ही आता चिडतही नाही. दोनदा काढली गेलेली एक रेषा सापडली, ती पुसली, नाही तर टॉर्च त्याच जागेवरून दोनदा गेला असता.

राहता राहिला अनुस्वार. शिरोरेखेला बारीक दांडीने जोडावा, असे आम्ही सुचविले. वडिलांनी मान हलविली. दांडी दिसली की तो अनुस्वार राहणार नाही, लोक त्याला काहीतरी दुसरेच वाचतील. त्यांनी सहा मिलिमीटरच्या सळईचा एक तुकडा मागून लावण्यास सांगितले : एक टोक शिरोरेखेच्या पाठीला, दुसरे अनुस्वाराच्या पाठीला, आणि मधे सळईला मागे बाक. भिंतीपासून नाव इंचभर पुढे राहणार होते. त्या सावलीत सळई दिसणार नव्हती. टाकाही बेताचा द्यावयाचा, फार तापवला तर पुढच्या बाजूला डाग उठतो.

१९ डिसेंबरला आम्ही ते कापले. त्या दिवशी टेबलापाशी वडिलांना खुर्ची देऊन बसविले होते. काळा चष्मा लावून ते आवाज ऐकत होते. टॉर्चची चाल बरोबर असली की आवाज एकसारखा, कापड फाडल्यासारखा येतो. चुकली की तो फुरफुरतो. ‘त’च्या शेपटापाशी तो जरा फुरफुरला तेव्हा ते म्हणाले, “हळू झालं.” खरेच झाले होते, खाली थोडा कीट लोंबला, तो छिन्नीने सहज निघाला. चौकोनी अनुस्वार सुटून पाण्यात पडू नये म्हणून या खेपेस आम्ही खाली जाळी बांधली होती.

मावशीने ते हातात घेतले तेव्हा ती काही बोलली नाही. तिने पाहिलेही फारसे नाही. तिने अंगठ्याने अनुस्वाराच्या चार कडा चाचपल्या, मग ‘त’च्या शेपटावरून बोट फिरविले आणि जेथे ‘ष’ची रेघ दांड्याच्या अलीकडे थांबते तेथे ते थोडा वेळ ठेवले. नंतर मुलाला हाक मारून ड्रिल आणावयास सांगितले. पैशांचा विषय तिने काढला आणि आम्ही टाळला. त्यावर तिने केळफुलाच्या भाजीचा डबा आणि घरच्या वाडीतील वेलची केळ्यांचा एक घड गाडीत ठेवला.

वडील २०२१ साली गेले. त्यांची वही आता आमच्या संगणकाशेजारी असते आणि ट्रेसिंग पेपरची सुरळीही. नावाच्या पाट्यांची कामे बरीच येतात. फोटो पाठविणाऱ्यांना आम्ही वस्तूच घेऊन यावयास सांगतो. काही येतात, काही दुसरीकडे जातात.

पण एक सांगावयाचे राहिले. २०१९ सालच्या मे महिन्यात, पावसाळ्याआधी, आम्ही टेबलाखालचा ट्रे उपसून साफ केला. वर्षाचा गाळ, कीट, वितळलेल्या लोखंडाच्या गोळ्या. पाटीने बाहेर काढावा लागतो. त्या काळ्या चिखलात एक गोल तुकडा हाताला लागला. धुऊन पाहिला, दुसऱ्या खेपेचा, निखळलेला अनुस्वार होता. संध्याकाळी तो वडिलांच्या हातावर ठेवला. त्यांनी दोन बोटांत फिरवून पाहिला, कड पारखली आणि आपल्या स्क्राइबर-पंचाच्या डब्यात टाकला.

“असू दे,” ते म्हणाले. “कोणाच्या तरी नावात लागेल.”